काळी पेटी नारिंगी असते

विजयसिंहरावांनी नारळ डोक्याच्याही वर नेला आणि सगळा जोर लावून विमानाच्या नाकावर हाणला. नारळ फुटला नाही. नाक फुटलं.

आवाज काही मोठा झाला नाही. पापड मोडल्यासारखा झाला. नारळ भोकातून आत गेला, आतल्या आत गडगडला आणि कुठंतरी जाऊन बसला. विजयसिंहरावांचा हात हवेतच राहिला. शेजारी उभ्या असलेल्या ऋषिराजनं डोळे मिटून घेतले. हे नाक न्यायलाच तो पुण्याहून आला होता. जुन्या विमानांचं एक संग्रहालय तिकडं उभं राहत होतं, त्याच्या दारात हे नाक बसणार होतं, आणि त्यासाठी त्यानं विजयसिंहरावांच्या किती चहांना हो म्हटलं होतं त्याला गणती नव्हती.

"ह्याला आतनं पत्रा न्हाय का?" विजयसिंहरावांनी विचारलं.

"नाकाला नसतो. मागे रडार असतं ना, म्हणून फायबर."

"मग आधी बोलायचं की राव."

वाहन दारात आलं की नारळ, वाहन दारातून गेलं की नारळ, ही त्यांच्या घरची रीत. ट्रॅक्टर असो, जीप असो, नारळ चाकापाशी फुटायचा. विमानाला चाकं नव्हती. ते विटांच्या खांबांवर उभं होतं. म्हणून त्यांनी नाक धरलं.

भंगारवाल्या इमामनं दंडापर्यंत हात आत घालून नारळ चाचपला. हाताला लागेना. शेवटी ऋषिराजनंच भोकावर चिकटपट्टी लावली आणि नारळासकट नाक न्यायचं ठरलं. संग्रहालयात कुणी विचारलंच तर काय सांगायचं, ते तो रस्त्यात ठरवणार होता.

विमान जुन्या काळचं जेट. वय झालं म्हणून कुणीतरी मोडीत काढलं, लिलावात विजयसिंहरावांनी घेतलं आणि तुकडे करून ट्रेलरवरनं भिगवणला आणलं. सोलापूर रस्त्याच्या कडेला त्यांची पडीक जागा होती. तिथं ते परत जोडलं. आणताना पंख आखूड झाले, कारण मधल्या वळणावर एक वड होता आणि वड तोडायला गाव तयार नव्हतं. इंजिनं तर आधीच कुणीतरी काढून घेतलेली. त्यांच्या जागी पाण्याच्या दोन टाक्या आडव्या टांगून त्यांना चंदेरी रंग दिला होता. हात धुवायला बेसिनला पाणी इंजिनातनं यायचं.

त्याचं झालं 'हॉटेल गगनभरारी'. सुरुवातीला पार बारामतीहून लोक बायकापोरं घेऊन चिलापी मासा खायला यायचे, पट्टा बांधून फोटो काढायचे. मग रस्त्यावर उड्डाणपूल झाला. ट्रक, एसटी, ट्रॅव्हल्स सगळं वरनं उडत जायला लागलं आणि विमान खाली जमिनीवर बसून बघत राहिलं.

आता तेही मोडायचं होतं. बरे भाग ऋषिराजनं निवडून घ्यायचे आणि उरलेलं इमामनं कापून न्यायचं, असं ठरलं होतं. ऋषिराज दिवसभर आत फिरून पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवत होता. एक दार, पायलटच्या पुढचे काटे, खिडक्या, आसनांची एक ओळ. चिठ्ठी चिकटवताना तो प्रत्येक वस्तूला हलका हात लावायचा, दवाखान्यातल्या माणसाला लावावा तसा. मागनं इमामचा थोरला अबरार गॅस कटर घेऊन यायचा.

कापाकापी सुरू झाली त्याच दिवशी ताईबाई आली. वरकुट्याची. वडापच्या जीपमधून उतरली, शेपटीच्या सावलीत येऊन उभी राहिली आणि इमामचं लक्ष जायची वाट बघत राहिली.

"भाऊ, ह्यातली ती काळी पेटी कुणाकडं हाय?"

इमामला वाटलं, बाईला ट्रंक पाहिजे. त्यानं जेवणाचे ट्रे ठेवायची ॲल्युमिनियमची पेटी दाखवली. तिनं मान हलवली.

"ती न्हवं. आवाज धरून ठिवती ती."

इमाम तिला ओळखत नव्हता, पण तिच्या पोराला सगळं भिगवण ओळखत होतं. गगनभरारीचा कॅप्टन अनुप. पांढरा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी. गिऱ्हाईक आत आलं की पायलटच्या जागेवर बसून माईकवर बोलायचा. भिगवण विमानतळावर आपलं स्वागत असो, बाहेरचं तापमान बेचाळीस, आत पंखा चालू आहे, आज वाम संपली आहे, चिलापी ताजी आहे, कृपया पट्टे बांधा, रस्सा सांडतो. लोक हसून हसून लोळायचे. बारामतीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं कधी डोक्यावरनं गेली की तो बाहेर पळत यायचा आणि सलाम ठोकायचा. बारावीला असताना तोही तिथल्या फाटकापर्यंत जाऊन आला होता. फी विचारून परत आला.

दोन हंगामांमागं हॉटेल बंद करून घरी जाताना तो उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकला. त्याचा पांढरा ड्रेस लांबनं दिसला असता. पण ट्रॉली पुढं होती आणि तिला मागं दिवा नव्हता. फोन ट्रॉलीखालीच गेला. त्याचा आवाज सोलापूर-हैदराबादच्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या फोनांत अजून असेल. वरकुट्यात तेवढा नव्हता.

पेटीचं डोकं मुळात ताईबाईचं नव्हतं. तिचा नवरा धोंडीबा साखर कारखान्यात उसाच्या गिरणीपाशी उभी नोकरी करून रिटायर झाला होता. गिरणीनं पगार दिला आणि कान घेतले. शिबिरातलं मशीन कानात घातलं की शिट्टी वाजायची, म्हणून तेही काढून ठेवलेलं. आता गुडघेही गेले, म्हणून पडून असायचा. पडल्या पडल्या पेपर वाचायचा. पेपरात त्यानं वाचलं की विमानात एक काळी पेटी असते, ती आगीत जळत नाही, पाण्यात कुजत नाही, आणि आत बोललेलं सगळं धरून ठेवते. पोरगं एवढी वर्षं विमानातच बोलत होतं. म्हणजे ते बोलणं आहे. ह्यात चूक कुठंय, असं त्यानं ताईबाईला विचारलं, आणि तिला काही चूक सापडली नाही.

"आमच्यात देवऋषी न्हाय, अंगात येणं न्हाय, कावळ्याची वाट बघणं न्हाय," ती इमामला म्हणाली. "सासऱ्यानं छप्पन सालीच समदं सोडलं. मालक म्हणत्यात, हे तसलं न्हवं. हे यंत्र हाय."

पोरगा होता तेव्हा धोंडीबा हॉटेलात एकदाही गेला नव्हता. खोट्या टोपीचा कॅप्टन बघायला येत नाही म्हणायचा. आता त्याला एवढंच हवं होतं, कान पुरते जायच्या आत पोराचं ते बोलणं एकदा ऐकायचं.

तिनं विजयसिंहरावांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "हाय की, देतो." ते कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. मागं सरपंचाला म्हणाले होते की विमान एकदा उडवून दाखवतो.

मग ती रोज यायला लागली. शेपटीच्या सावलीत फडकं अंथरून बसायची, अनुपचं काहीबाही सांगायची. इमाम नळ्या सोडवत ऐकायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला अनुप हॉटेलातला माईकचा डबा मोटरसायकलला बांधून वस्तीवर न्यायचा, भाषणं त्याच्यावर व्हायची. एका वर्षी वाटेत दोरी सुटून डबा रस्त्यावर पडला, कोपरा चेपला आणि विजयसिंहराव पोराला लई बोलले, असं ती सांगत होती. पण दोरी सुटली इथवर येताच अबरारनं कटर पेटवला आणि पुढं इमामला तिचे नुसते ओठ हलताना दिसले. त्यानं मान डोलावली.

त्याच दुपारी छताला कटर लागला आणि हादऱ्यानं आसनांवरची सगळी झाकणं एकदम उघडली. पिवळे मास्क नळ्यांसकट खाली लोंबायला लागले. अबरारला वाटलं, साप. त्यानं कटर टाकून आखूड पंखावर उडी मारली, तिथनं टाकीवर आणि टाकीसकट खाली. विजयसिंहरावांना हे कळल्यावर त्यांनी येऊन एक मास्क तोंडाला लावून बघितला.

"हवा येत न्हाय," ते म्हणाले. जणू इतकी वर्षं येत होती.

संध्याकाळी इमामनं ऋषिराजला बाजूला घेतलं आणि पेटीचं विचारलं. ऋषिराज त्याला शेपटीच्या आत वाकवून घेऊन गेला. तिथं पत्र्याला नुसत्या चार पट्ट्या होत्या, मधे मोकळी जागा. विमान विकताना पेटी आधी काढून घेतात, तो म्हणाला. आणि असती तरी उपयोग नव्हता. तिला करंट लागतो. ह्या काळातल्या पेटीत टेपचं एक वेटोळं असायचं, त्यावर फक्त शेवटचा अर्धा तास राहायचा.

"आन त्याच्या आधीचं?"

"पुसलं जातं. मागचं पुसत पुढचं भरत जायचं."

इमामनं त्या चार पट्ट्यांवरनं बोट फिरवलं. बोटाला धूळ आली.

"काळी पेटी म्हणतात, पण काळीही नसते ती," ऋषिराज म्हणाला. "नारिंगी असते. विमान पडलं तर लांबून दिसावी म्हणून. चाचा, मी सांगू का त्यांना? समजावून सांगतो."

इमाम हो म्हणाला. ऋषिराज सावलीत गेला. इमामला लांबनं दिसत होतं. पोरगा उकिडवा बसला, हात हलवून त्यानं काहीतरी सुरू केलं. ताईबाईनं फडकं सोडलं, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घातली आणि त्याच्या हातात दिली. त्याचे हात अडकले. थोड्या वेळानं तो चावत चावत परत आला.

"सांगितलं?"

ऋषिराजनं घास गिळला. "तिखट आहे चटणी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चटणी खरंच तिखट होती.

घरी जेवताना इमामनं सुरैय्याला हे सगळं सांगितलं. बाई उद्या परत येणार आणि उद्या शेपूटही कापायची आहे, तेव्हा तिला काय सांगायचं, असं तो म्हणाला. सुरैय्या तव्यावरची भाकरी उलटत होती.

"एवढा ढीग पडलाय तुमच्याकडं," ती म्हणाली. "त्यात एक पेटी निघंना व्हय?"

सकाळी ताईबाई यायच्या आत इमामनं ढीग उपसला. एक पेटी फार मोठी होती, एक प्लॅस्टिकची, एकीवर 'उलटी' असं लिहून ठेवलेलं. मग हॉटेलच्या मोरीमागं, कांद्याच्या कुजक्या पोत्याखाली त्याला लोखंडाचा एक जड डबा मिळाला. पुढं बटणं गळून पडलेली, मागनं वायरींचे दोन तुकडे बाहेर आलेले. आत पाणी जाऊन सगळं गंजलं होतं, पण दिसायला यंत्र दिसत होतं. एक कोपरा चेपलेला होता. विमानाची पेटी म्हटल्यावर चेपलेली असायचीच.

ट्रकच्या मागं नावं रंगवणाऱ्या पेंटरकडं त्यानं तो नेला.

"भगवा देऊ का नारिंगी?" पेंटरनं विचारलं. ह्या प्रश्नावर एखाद्याशी वैर व्हायचं, म्हणून तो आधीच विचारून घ्यायचा.

"नारिंगी. लवकर वाळंल असा."

लवकर वाळणारा पेंटरकडं नव्हता. इमामनं स्वतःच ब्रश मारला, बटणांची भोकं बुजवली आणि डबा आणून विमानाजवळ पिंपावर उन्हात ठेवला, चेपलेला कोपरा मागं करून. नाकाचा ट्रक निघायच्या तयारीत होता. ताडपत्रीखालनं नारळ गडगडल्याचा आवाज आला. ऋषिराज केबिनमधून बघत होता. त्यानं पिंपावरचा डबा बघितला, इमामकडं बघितलं आणि काच वर केली. ट्रक उड्डाणपुलावर चढला आणि ते नाक बऱ्याच वर्षांनी जरा उंचावरनं गेलं.

अबरारनं शेपूट तोडायला घेतली. ती आडवी झाली तशी तिची सावलीही मोडली. ताईबाई आली तेव्हा फडकं कुठं अंथरावं ते तिला कळेना. ती उन्हातच उभी राहिली. जीपवाल्याला पलीकडच्या टपरीवर चहा घ्यायचा होता, म्हणून तोही थांबला.

इमामनं पिंपावरचा डबा उचलला.

"घ्या ताई. घावली."

ताईबाईनं तो घेतला नाही. नुसता बघितला.

"ही तर नारिंगी हाय."

"नारिंगीच असती."

"काळी म्हणत्यात न्हवं?"

"म्हणत्यात काळी. असती नारिंगी. विमान पडल्यावर लांबनं दिसावी म्हणून. अल्लाची शप्पथ, ताई, खरंच नारिंगी असती."

विमानातलं सगळं एकेक करून खोटं निघालं होतं. इंजिनं, पंख, कॅप्टन, आणि आता पेटी. त्यात इमामनं शपथ घेऊन सांगितलेलं हे एवढं एक खरं होतं, आणि नेमकं तेच सांगताना त्याला घाम फुटला.

ताईबाईनं डबा दोन्ही हातांनी घेतला. जड होता. ती तिथंच विटांच्या खांबावर टेकली, डबा मांडीवर ठेवला आणि कडेकडेनं हात फिरवायला लागली. बाळाच्या डोक्याला तेल लावताना फिरवतात तसा, घाई नाही. मागच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा थांबला. तिथल्या तिथं एकदा पुढं गेला, एकदा मागं आला. अबरारनं कटर विझवला तेव्हाच इमामच्या लक्षात आलं की तो मघापासून चालू होता.

मग तिनं हात उचलून बघितला. तीन बोटं आणि अंगठा नारिंगी झाले होते.

"वला हाय अजून," ती म्हणाली.

इमामनं आपले हात मागं नेले. ब्रश त्यानंच मारला होता, तेही नारिंगीच होते.

"पेंटरकडं निळा न्हवता व्हय?"

तिनं त्याला बोलायची वेळ येऊ दिली नाही. बोटं विटेला पुसली, पदर डब्यावर ओढला आणि चेपलेला कोपरा आपल्या पोटाकडं करून घेतला.

"मालकांना आता ऐकू येतच न्हाय म्हणा," ती म्हणाली. "कानाला लावत्याल. काय आलं न्हाय, तर म्हणत्याल आपलंच कान ग्यालं. वाळंल घरी जाईस्तवर."

ती उठली. इमाम डबा धरायला पुढं झाला, पण हात दाखवायला लागतील म्हणून परत थांबला. जीपवाला चहा संपवून आला होता. मागं माणसं दाटीनं बसलेली. त्यानं डब्याकडं बघितलं.

"मावशी, ते भंगार वर टाका कॅरिअरला. जागा न्हाय."

"ऱ्हाऊ दे मांडीवर," ताईबाई आत सरकत म्हणाली. "पोरगं बोललंय ह्यातनं."